बाभूळओढ्यावरची तार

ऐका आता. शेकोटीत अजून एक ओंडका टाका आणि मागच्यांनी जरा पुढं सरका. ही गोष्ट मी मोठ्यानं सांगत नसतो. आणि मध्येच कुणी "मग काय झालं, केरबाबा" म्हणून विचारायचं नाही. सांगतोय ना मी!

आपल्या पांढऱ्या माळावर तो रेडिओचा उंच खांब आहे, रात्री लाल दिवा लागतो बघा वर, तिथं मी एकतीस वर्षं नोकरी केली. हेल्पर म्हणून. मशीन पुसायचं, फाटक उघडायचं, चहा करायचा. तर तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. हसू नका!

तुम्हाला वाटतं रेडिओ त्या खांबातून बोलतो. तसं नाही बाबांनो. बोलणारी माणसं शहरात. तिथं स्टुडिओ. बाई बातम्या सांगायची ती शहरात, पेटी वाजायची ती शहरात. खांब मात्र इथं, पाच मैलांवर, मोकळ्या माळावर. मग तिथला आवाज इथं यायचा कसा? तारेनं! तांब्याच्या दोन तारा. शहरापासून माळापर्यंत लाकडी खांब पुरलेले, आणि त्यांच्यावरनं त्या तारा. बाई तिकडं "नमस्कार" म्हणायची, तो नमस्कार तारेवरनं धावत आमच्या मशीनमध्ये यायचा, आणि मशीन तो आभाळात फेकायचं. मग तुमच्या घरात रेडिओ बोलायचा. तार तुटली की सगळा जिल्हा मुका.

आणि ही तार यायची कुठनं? बाभूळओढ्यावरनं. जुन्या गाडीवाटेनं.

तर तेव्हा आमच्याकडं सुदाम आवळे म्हणून टेक्निशियन होता. सव्वीस-सत्तावीसचा गडी. काटक. मान वाकडी करून बोलायची सवय. त्याची बायको कौसल्या, पहिलटकरीण, सातवा महिना. त्याच दिवशी सकाळच्या एसटीत तो तिला माहेरी जायला बसवून आला होता. दिवसभर जेवला नव्हता. दोनदा चहा दिला, दोनदा गार झाला.

भादव्याचे दिवस. तीन दिवस झड लागलेली. साहेब रजेवर. मशीनवर सुदाम आणि मी, दोघंच. संध्याकाळी साडेसहाला स्टुडिओतून फोन आला. फोनची तारही त्याच खांबांवरनं यायची. सुदामनं उचलला. पलीकडनं घाईघाईनं कुणीतरी बोललं, "आवळे, लाइन सांभाळा. आठ वाजता महत्त्वाची सूचना आहे. धरणाचे दरवाजे... नदीकाठच्या गावांना..."

आणि खट्! फोन बंद. लगेच स्पीकरमधलं गाणंही बंद. नुसती खरखर.

सुदाम माझ्याकडं बघतोय, मी सुदामकडं. तार तुटली होती!

असं झालं की आमच्याकडं एक तबकड्यांची पेटी होती. सनईची तबकडी लावायची. लोकांना वाटायचं कार्यक्रमच चालू आहे. सुदामनं सनई लावली. पण सनईनं पूर थांबतो का? तुम्ही म्हणाल, तुम्हीच का नाही बोललात रेडिओवर? अहो, आमच्याकडं बोलायचा माईकच नव्हता. आणि बोलणार काय? दरवाजे किती वाजता उघडणार, कुठल्या गावांनी हलायचं, काय ठाऊक होतं आम्हाला?

तार दुरुस्त करणारा माणूस शहरात. तो आला असता सकाळी.

सुदाम उठला. पक्कड घेतली, तारेचं वेटोळं खांद्याला, कंबरेला पट्टा, हातात बॅटरी. आणि गळ्यात तो टेस्टचा फोन. तो कसा असायचा सांगतो. कानाला लावायचं भोंगं, त्याला दोन चिमटे. खांबावर चढायचं, चिमटे तारेला लावायचे आणि ऐकायचं. काही ऐकू नाही आलं तर तार अजून पुढं तुटलीय. कार्यक्रम ऐकू आला तर समजायचं, तुटलेली जागा मागं राहिली. सोपं आहे की नाही?

जाताना मला म्हणाला, "केरबा, हा खटका बघ. स्पीकरमध्ये माणसाचा आवाज आला की सनई उचलायची आणि हा खटका खाली करायचा. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी म्हणलं, "सुदामा, ओढ्याची वाट चांगली नाही. दिवेलागण झाल्यावर तिथं कुणी जात नाही."

तर म्हणाला, "नदीकाठी चौदा गावं आहेत, केरबा."

आणि गेला. अंधारात.

पुढचं मला त्यानं स्वतः सांगितलं. एकदाच. परत कधी बोलला नाही. म्हणून जसं ऐकलं तसं सांगतो.

पाऊस थांबला होता, पण वारा. बाभळी नुसत्या घुमत होत्या. सुदाम चार-चार खांब सोडून चढतोय, चिमटे लावतोय, ऐकतोय. काही नाही. उतरतोय, चालतोय, परत चढतोय. काही नाही. असं करत दोन मैल गेला. उतार लागला. खालून ओढ्याचा आवाज यायला लागला.

तिथल्या एका खांबावर चढला, चिमटे लावले, आणि गाणं!

बाईचा आवाज. बारीक, गोड. अंगाई म्हणतेय.

सुदामला हायसं वाटलं. म्हणजे तुटलेली जागा मागं राहिली! उतरला, मागं फिरला. मागच्या खांबावर चढला. काही नाही. दोन्ही खांबांच्या मधली तार बॅटरीनं बघितली. अखंड! कुठं तुटलेली नाही. परत पुढं आला. गाणं! परत मागं. सामसूम! असे चार हेलपाटे घातले त्यानं. चार! घड्याळात बघतो तर साडेसात वाजून गेलेले.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. या वेळेला रेडिओवर शेतीचा कार्यक्रम असतो. दोन बाप्ये सोयाबीनवर बोलत असतात. अंगाई कुठली?

 तरी गडी तसाच भोंगं कानाला लावून राहिला. गाणं थांबलं. आणि तोच आवाज म्हणाला,

"सुदाम, जेवला का रं?"

बाबांनो! रिकामा माळ, वर वारा, आणि कानात कुणीतरी नावानं विचारतंय!

सुदाम घसरतच खाली आला. मनात म्हणाला, मागं बघायचं नाही, बोलायचं नाही, पुढं चालायचं. आजीनं शिकवलेलं. चालला. तर बॅटरी विझली. ठोकली, हलवली, पेटेना. आणि समोर काय? दिवा. दाराशी कंदील टांगलेला. आमच्या क्वार्टरचं निळं दार. दारात कौसल्या, पदर खोचलेला, एक हात कंबरेवर. भाकरीचा वास येतोय. चुलीवरची, जरा करपलेली, तशीच ती करायची. म्हणतेय, "किती उशीर! या ना आत. पाय धुवा."

दिवसभराचा उपाशी माणूस. पाय आपोआप चालायला लागले. एक पाऊल. दुसरं. पाय गार पडले. तिसरं.

आणि एकदम त्याच्या डोक्यात आलं, कौसल्या तर माहेरी आहे! आज सकाळीच मी तिला एसटीत बसवलं!

झालं! दिवा गेला, दार गेलं. सुदाम ओढ्याच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा. पुढच्या पावलाला डोह.

मागं उडी मारली त्यानं. आणि भीती गेली, राग आला. असं होतं कधीकधी. खांबाशी आला, वर चढला, चिमटे तारेला लावले आणि ओरडला, "कोण आहेस तू? काय वाईट केलंय मी तुझं?"

 मग भोंग्यातून रडण्याचा आवाज यायला लागला. लहान मुलगी चुकल्यावर रडते ना, तसा. मग ती बोलली.

म्हणाली, "मी यल्लव्वा. तिप्पाण्णाची बायको. हे खांब आम्ही पुरले."

आता मी तुम्हाला सांगतो, हे खरं होतं. ती तार टाकली तेव्हा वडारांची टोळी आली होती खड्डे खणायला. त्यातली एक बाई ओढ्यात वाहून गेली होती, सहा महिन्यांचं लेकरू मागं ठेवून. मी तेव्हा नव्हतो, पण जुने लोक सांगायचे.

सुदाम म्हणाला, "माझं नाव तुला कुणी सांगितलं?"

"तूच की! रोज सकाळी म्हणतोस, 'हॅलो स्टुडिओ, मी सुदाम आवळे बोलतोय, ऐकू येतंय का?' मला येतं की ऐकू. समदं ऐकू येतं. बातम्या, भजनं, बाजारभाव. चौदा वर्षं ऐकतेय. पण माझं कुणाला ऐकू येत नाही. आज सांजच्याला बाभूळ पडली, तार तुटली, आणि समदं गप्प झालं. लई भ्या वाटलं मला. तू आलास. तुला जाऊ द्यावंसं वाटंना."

बघा, म्हणजे भुतालाच भीती वाटत होती.

मग ती हळूच म्हणाली, "एक विचारू? गेल्या साली मुलांच्या कार्यक्रमात एक पोरगी गायली. बाई म्हणाली, वाळवंड्याची दुर्गा तिप्पाण्णा. माझी दुर्गी ती. एवढीशी होती, झोळीत. ती परत कधी गाणार?"

 वाळवंडे म्हटल्यावर सुदामनं भोंगं कानाला घट्ट दाबलं. वाळवंडे गाव नदीच्या अगदी काठावर! पावसाळ्यात ओसरीच्या पायरीला पाणी लागतं तिथं.

तो म्हणाला, "यल्लव्वा, ऐक. धरणाचं पाणी सोडणार आहेत. आठ वाजता रेडिओवर सांगणार होते, गावं सोडा म्हणून. तार तुटलीय. इथून आवाज पुढं गेला नाही तर वाळवंड्याला कळणार कसं? तुझी दुर्गी झोपेत असेल."

 वारा गप्प. सुदाम म्हणाला, त्या क्षणी बाभळीचं पानसुद्धा हललं नाही.

आणि बॅटरी पेटली. आपोआप!

उजेडात दिसलं. ओढ्यापलीकडं मोठी बाभूळ आडवी झालेली. तिच्या फांदीखाली तारा तुटलेल्या. अलीकडची टोकं पाण्यात लोंबत होती, ती त्यानं ओढून घेतली. पण पलीकडची? ती प्रवाहात, मधोमध, वळवळत होती. हात पोचत नव्हता. काठी पोचत नव्हती. आणि पाण्यात उतरणं म्हणजे मरण.

तो नुसता बघत राहिला. तर प्रवाहाच्या उलट, बरं का, पाणी डावीकडं चाललंय आणि ती तार उजवीकडं! सरकत, सरकत, कुणी हातानं आणून द्यावी तशी त्याच्या पायाशी आली. मग दुसरी आली. टोकांना पाणी होतं, पण गार नव्हतं म्हणाला. कुणाच्या तरी मुठीत राहिलेल्या वस्तूसारखं कोमट होतं.

वेटोळ्यातली तार मध्ये जोडली, पकडीनं पीळ दिला, खांबावर चढून ताण दिला, बांधली. बोटं कापली. तरी बांधली. चिमटे लावले. आणि कानात स्पष्ट आवाज: "नदीकाठच्या सर्व गावांना सूचना..."

इकडं मी! मी काय करत होतो विचारा. सनई संपत आली की सुई उचलून परत पहिल्यापासून लावत होतो. अकरा वेळा लावली. जिल्ह्यातले लोक कंटाळून रेडिओ बंद करतील ही एकच धास्ती. आणि एकदम स्पीकर बोलला!  सनई उचलली, खटका खाली केला. आठ वाजून अठरा मिनिटं झाली होती. स्टुडिओतली बाई तीच सूचना पुन्हापुन्हा सांगत होती. गावांची नावं घेत होती. रात्री अकराला दरवाजे उघडणार होते. वाळवंड्याचं नाव आलं, तेव्हा मला ठाऊकही नव्हतं, की ओढ्याकाठी एक माय तेच नाव ऐकतेय.

तुम्हाला वाटेल, सुटला सुदाम. झालं काम. नाही हो! खरं संकट आता आलं.

खाली उतरून तो निघाला असता. पण भोंग्यातून ती म्हणाली, "जातोस व्हय? गावं हलली का तेवढं ऐकून जा की."

आणि तो बसला. खांबाच्या बुंध्याशी. लांब वायर होती चिमट्यांची, ती वर तारेला, भोंगं कानाला. ती विचारायला लागली. दुर्गी उंच झाली असंल का? केसं कशी असतील? कोण वेणी घालत असंल? सुदामनं त्या पोरीला कधी बघितलं नव्हतं. पण नाही म्हणवेना त्याला. सांगत गेला. उंच आहे. दोन वेण्या घालते. शाळेत पुढच्या बाकावर बसते. तिलाही कळत होतं की हा रचून सांगतोय. तरी म्हणायची, "आणिक सांग."

मग तिनं त्याला विचारलं, "तुझी बाई कशी हाय? पोटुशी हाय ना? परवा बोललास तू फोनवर." मग तोही बोलत सुटला. कौसल्येला एसटीत बसवल्यावर काय वाटलं ते. बाप होण्याची भीती कशी वाटते ते. माझ्याशी, रोज त्याच्याबरोबर जेवणाऱ्या माणसाशी, जे बोलला नव्हता, ते सगळं तिच्याशी बोलला. त्याला वाटलं, इथंच बसावं. कुठं जायची घाई आहे? अंग हलकं झालं होतं. झोप येत होती.

त्याला कळत नव्हतं, बाबांनो. वर डोंगरात पाऊस कोसळला होता. ओढा फुगत होता. पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं. कंबरेला आलं. तो आपला हसतोय, बोलतोय.

यल्लव्वा एकदम थांबली. म्हणाली, "सुदाम, ऊठ."

"थांब ना जरा."

"ऊठ म्हणते ना! मला बी असंच कळलं नव्हतं. पायाखाली पाणी आलं तरी मी झोळीकडं बघून हसत व्हते. ऊठ. घरी जा."

सुदाम म्हणाला, "जाऊन काय करू? इथं बरं वाटतंय."

बघा! तिनं धरून ठेवला नव्हता आता. तोच सुटत नव्हता.

आणि तेव्हा, तेव्हा पहिल्यांदा ती भुतासारखी वागली. भोंग्यातून अशी किंचाळी निघाली की त्याच्या कानातून रक्त आलं! भोंगं फेकलं त्यानं. समोर पाण्यातून ती उठली. केस सुटलेले, चिखलानं माखलेले. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. तोंड वासलेलं. हात लांबले, लांबले, हे एवढे लांबले! "खाईन तुला!" म्हणून ओरडली. "पळ! नाहीतर खाईन!"

सुदाम पळाला. पाण्यात पडला, उठला, काटेरी झुडपाला धरून वर चढला. मागं वळून बघतो तर तो बसला होता तो बुंधा पाण्याखाली! वरच्या खांबाशी पोचला, तर त्या खांबातून किंचाळी. पुढच्या खांबातून किंचाळी. दर खांबाला ती त्याला हाकलत होती. दोन मैल! धापा टाकत, रडत, पडत, धडपडत, आमच्या फाटकात येऊन तो कोसळला, तेव्हा अंगावर सदरा नव्हता आणि पायात चप्पल नव्हती.

मी त्याला उचलला, घोंगडीत गुंडाळला. तो सारखं एकच म्हणत होता, "ती तशी नाही रे केरबा. ती तशी नाही."

चौदाही गावं त्या रात्री हलली. वाळवंडे पाण्यात गेलं, निम्मी घरं पडली, पण माणूस एक गेलं नाही. सगळे टेकडीवरच्या शाळेत बसून होते. दुर्गीही होती. पंधरा दिवसांनी सुदाम जाऊन तिला भेटून आला. म्हणाला, "उंच नाही रे ती, बुटकीच आहे. आणि वेणी एकच घालते." एवढं बोलून मान फिरवली त्यानं.

दिवाळीत त्यानं स्टुडिओतल्या लोकांच्या मागं लागून दुर्गीचं गाणं ठेवलं. पोरीला यातलं काही सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी ती गायली. आम्ही मशीनपाशी उभे राहून ऐकलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी तारेवर जराही खरखर नव्हती. एवढा स्वच्छ आवाज मी एकतीस वर्षांत कधी ऐकला नाही.

पण गोष्ट इथं संपवता येत नाही मला. कारण सुदाम परत जायला लागला. आधी म्हणाला, तार बघून येतो. मग काही न सांगता. संध्याकाळ झाली की पाय तिकडं वळायचे. जेवण तुटलं. वाळला. कौसल्या बाळाला घेऊन आली, तर बाळाकडं बघायचा आणि दाराकडं बघायचा. एकदा मी फाटकाला कुलूप लावून त्याच्यापुढं आडवा झोपलो. शेवटी कौसल्यानं साहेबांचे पाय धरले आणि लांबची बदली करून घेतली. गाडीत बसताना तो ओढ्याकडं तोंड करून उभा राहिला होता. मी त्याला हाताला धरून बसवलं.

पुढं तारा गेल्या. आता स्टुडिओच्या गच्चीवर एक ताटली आहे, आमच्या माळावर एक, आवाज हवेतूनच येतो. तांबं काढून नेलं. नुसते खांब राहिलेत ओढ्याकाठी, चार-पाच. म्हणजे आता तिच्याकडं बातम्या नाहीत, भजनं नाहीत, काही नाही. सामसूम.

म्हणून सांगतो. दिवस मावळला की बाभूळओढ्याची वाट धरू नका. जवळची आहे, मला ठाऊक आहे. अर्धा तास वाचतो, तेही ठाऊक आहे. तरी नका जाऊ. ती वाईट आहे म्हणून नव्हे. एकदा तिनं माणसाला जीव लावला आणि स्वतःच्या हातानं हाकलून दिलं. पण एकट्या माणसानं, आलेल्या पाहुण्याला असं किती वेळा हाकलायचं? एवढी वर्षं झाली. आता तिच्यानं होईल की नाही, सांगता येत नाही.

चला, उठा. मोठ्या रस्त्यानं जा सगळे. आणि बोलत बोलत जा.